जुनं कार्ड चढवलं

लोणखेडा, ता. शहादा
२ एप्रिल २०२५

ती. शीलाताईस,
धाकट्या भूपेशचा सा. न. वि. वि.

तुझ्या आश्रमशाळेपर्यंत मोबाईलची रेंज अजून पोचत नाही, त्यामुळे हातानं पत्र लिहिणारा व्हिडिओवाला आख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच उरलोय. अक्षराला हसू नकोस. तोरणमाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे पत्र देतोय, सोबत आईनं कळण्याचं पीठ आणि लसणाची चटणी पाठवलीय. डबा वाटेत हलका झाला तर मला बोल लावू नकोस.

आता मुद्द्याचं. विसरवाडीची कामिनी आठवते का? हायवेवर लोटनअप्पांचा फोटो स्टुडिओ आहे, त्यांची मुलगी. लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग ती माझ्यासारखंच करते. तिनं नवं ग्राफिक्स कार्ड घेतलंय, माझ्या कार्डाच्या तिप्पट किमतीचं. कॉम्प्युटरमध्ये चित्रांचं सगळं ओझं हे कार्ड वाहतं. ते जेवढं दमदार, तेवढी फिल्म लवकर तयार होते. गुलाबसिंगभाऊंकडच्या लग्नात आम्ही दोघं शूटिंगला होतो. तिथं तिनं चारचौघांत विचारलं, की तुमचं जुनं कार्ड अजून स्वतःच्या पायानं चालतं, की त्याला काठी दिलीय?

मला मिरची झोंबली. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगाच्या वर कार्ड पळवता येतं, आमच्या धंद्यात त्याला कार्ड चढवणं म्हणतात. मी म्हणालो, मी माझं जुनं चढवतो, तुम्ही तुमचं नवं घेऊन या. एकाच लग्नाची फिल्म दोन्ही मशीनवर लावू, ज्याची आधी होईल तो जिंकला. ती लगेच हो म्हणाली.

पुढचं आईला कळवू नकोस. ताई, मला कामिनी आवडते, पुष्कळ दिवसांपासून आवडते. मी मनाशी ठरवलंय की जिंकलो तर तिला लग्नाचं विचारायचं आणि हरलो तर गप्प बसायचं. हरलेल्या माणसानं कोणत्या तोंडानं विचारावं?

माया आहेच, ती असू दे. वर थोडा सल्लाही पाठव.
तुझा,
भूपेश

*

तोरणमाळ
६ एप्रिल २०२५

चि. भूपेश यास,
शीलाचे अनेक आशीर्वाद, आणि एकदा कान पिळलाय असं समज.

चटणी पोचली. डबा हलका झालाच होता, पण कंडक्टरनं प्रामाणिकपणे कबूल केलं आणि आईच्या हाताचं कौतुकही केलं, म्हणून माफ केलं. इथं पहाटे अजून शाल लागते. खाली तुमच्याकडे माणसं भाजून निघत असतील, आणि अशा उन्हात तू म्हातारं कार्ड शर्यतीला पळवणार! जरा जपून.

बाकी, पत्रिका, गुण, गोत्र बघून लग्न ठरतं एवढं ऐकून होते. कॉम्प्युटरच्या सुट्या भागावर लग्न ठरवणारा तू आपल्या घरातला पहिलाच. हसून हसून माझा चहा गार झाला.

पण एक गंभीर विचारते. तापीमावशी सांगत होती, कामिनीनं दोन चांगली स्थळं नाकारली, कारण दोघांनीही लग्नानंतर तिचा स्टुडिओ बंद करायला सांगितला होता. तुझ्या मनात काय आहे? तू कार्डाच्या वेगाचा हिशोब मांडून बसलायस, या गोष्टीचा विचार केलायस का?

जेवणखाण सांभाळ. खोड्या कमी कर, पत्रं वाढव.
तुझी,
ताई

*

लोणखेडा
१३ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घोटाळा झालाय. शांतपणे वाच.

कार्ड चढवलं. सकाळी असं पळतं की बघत राहावं. दुपारी मात्र तापतं आणि स्क्रीन काळी पडते. कॅबिनेटची एक बाजू उघडी टाकली, टेबल फॅन लावला, शेवटी पाण्याचा कूलर ओढून समोर आणला. त्याच्या ओल्या वाऱ्यानं मशीनला घाम फुटला. आई म्हणाली, आता त्याला उटणंही लाव. मग शहाद्याच्या नजीरभाईंनी कार्ड खोलून आतली वाळलेली, कार्ड थंड ठेवणारी पेस्ट बदलून दिली आणि गाडी रुळावर आली. मी आनंदात त्यांना फोनवर ओरडून सांगितलं की जुनं कार्ड एकदाचं चढवलं, आता विसरवाडीला कळू द्या!

अंगणात आई आणि तापीमावशी कुरडया घालत होत्या. लग्नाचं पहिलं कार्ड आपल्याकडे देवाला चढवतात, हे तुला मी सांगायला नको. आईनं तेवढंच ऐकलं: कार्ड चढवलं, विसरवाडी. हातातला सोऱ्या तसाच टाकून ती आत आली. माले न इचारता कार्ड चढाई टाकं, म्हणून आधी रडली, मग विसरवाडीची म्हणजे कामिनीच, हे मावशीकडून कळल्यावर हसली. मी खुलासा करेपर्यंत मावशीनं लोटनअप्पांना फोन लावून अभिनंदनही करून टाकलं. अप्पा एवढंच म्हणाले म्हणे, की पोऱ्या भलतीच घाई करी ऱ्हायना.

मी आईला खरं कार्ड काढून दाखवलं. तिनं ते उलटसुलट केलं आणि म्हणाली, याच्यावर ना नाव ना तारीख, हे बघून लग्नाला कोण येणार! समजूत पटली, पण दिवसभर माझ्याशी बोलली नाही. कामिनीला फोन करायची हिंमत होत नाही. शर्यत मात्र रद्द झालेली नाही, चोवीस तारखेला कामिनी आणि अप्पा मशीन घेऊन येतायत.

जीव टांगणीला लागलाय, आशीर्वाद जरा दाबून पाठव.
तुझा,
भूपेश

*

विसरवाडी, ता. नवापूर
१५ एप्रिल २०२५

सौ. शीलाताई यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख एका हळदीच्या मांडवापुरती. फोन लागत नाही म्हणून पत्र लिहिण्याचं धाडस करते आहे.

माझ्या लग्नाचं कार्ड देवाला चढलं, आणि ही बातमी मला माझ्या वडिलांकडून कळली! कोणत्या कार्डाबद्दल बोलणं चाललं होतं ते माझ्या लगेच लक्षात आलं. अप्पांना सांगताना मला हसू आवरेना. पण अप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, चुकून का होईना, घर चांगलं आहे, विचार कर.

ताई, विचार केला, आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. भूपेश माणूस चांगला आहे. त्यांचं जुनं कार्डही वाईट नाही, हे मात्र त्यांना कळू देऊ नका. पण मी हा स्टुडिओ अप्पांच्या बरोबरीनं उभा केला आहे. तो बंद करून मी कुणाच्याही घरी सुखानं राहू शकणार नाही. तुमच्या भावाच्या मनात खरंच काही आहे का, आणि असेल तर माझ्या स्टुडिओचं काय, एवढं मोकळेपणानं कळवाल?

ओळख थोडी असली तरी लोभ जास्त ठेवावा.
आपली,
कामिनी

*

तोरणमाळ
१८ एप्रिल २०२५

चि. कामिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वर्गात वाचलं आणि मुलांसमोर एकटीच हसत सुटले. मोकळेपणानं विचारलंस, मोकळेपणानं सांगते. त्याच्या मनात तूच आहेस. पण त्या शहाण्यानं ठरवलंय की शर्यत जिंकली तरच तुला विचारायचं, हरला तर तोंड उघडायचं नाही. हे मला गुपित म्हणून सांगितलं होतं. मी ते फोडलंय, आणि मला जराही वाईट वाटत नाही.

स्टुडिओचं मी त्याला सरळ विचारलं होतं. उत्तरात फॅन, कूलर आणि पेस्ट आली, स्टुडिओ आला नाही. म्हणून त्याच्या वतीनं शब्द देत नाही. तो तूच त्याच्याकडून घे. आणि हो, दया येऊन मुद्दाम हरू नकोस. मुद्दाम हरणारी भावजय मला नको.

मनात येईल ते लिहीत जा.
तुझी,
शीलाताई

*

लोणखेडा
२४ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हरलो.

कामिनी कॅबिनेट मांडीवर घेऊन जीपमधून उतरली, तान्हं बाळ आणावं तशी. आईला खरं काय ते माहीत असूनही तिनं दारात दोघांना ओवाळलं आणि कॅबिनेटलाही कुंकू लावलं. माझ्या मशीनला नाही लावलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

भांडण नको म्हणून सगळं सारखं ठेवलं: एकच फिल्म, एकच खोली, आणि लाईट गेली तर दोघांना एकेक सारखा इन्व्हर्टर. दोन्ही मशीनं एकदमच सुरू केली. माझं कार्ड पिठाच्या गिरणीसारखं घरघरत होतं, तिचं गुपचूप काम करत होतं. पण ताई, पुढे माझंच होतं! थोडंसंच, पण पुढे होतं. लोटनअप्पा खुर्चीवरून उठून बघायला आले. मी मनात वाक्यं जुळवायलाही लागलो होतो.

आणि लाईट गेली. चढवलेलं कार्ड वीज किती खातं, त्याचा मी विचारच केला नव्हता. माझा इन्व्हर्टर दोनदा ओरडला आणि बंद पडला. तिचं मशीन आरामात चालत राहिलं आणि फिल्म पूर्ण करूनच थांबलं. मी म्हणालो, लाईटचं धरायचं नाही. ती म्हणाली, आपल्या जिल्ह्यात मिक्सिंग करायचं आणि लाईटचं धरायचं नाही, हे कसं चालेल? तिचं बरोबर होतं.

आत सगळे मांडे आणि आमरसावर बसलेत. मला घास जाणार नाही, म्हणून दुकानात बसून लिहितोय. ठरल्याप्रमाणे गप्प बसणार आहे. ताई, कार्ड हरल्याचं मला काहीच वाटत नाही. मला रडू येतंय ते दुसऱ्याच गोष्टीचं.

एसटीची वेळ झालीय. राग, लोभ, जे उरलं असेल ते पाठव.
तुझा,
भूपेश

*

(मागील बाजूस)

शीलाताई, सा. न.

पान उलटून मी कामिनी लिहिते आहे. एसटी दोन मिनिटं थांबवायला अप्पा फाट्यावर पळाले आहेत.

मी यांना जेवायला बोलवायला आले. तोंड भिंतीकडे करून बसले होते. मी म्हटलं, जो जिंकेल त्यानं विचारायचं असं ठरलंय असं मला तोरणमाळहून कळलंय. जिंकले मी, म्हणून मी विचारते. माझ्याशी लग्न कराल का?

यांचं तोंड उघडं ते उघडंच. तुमचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटले, ते इथं लिहीत नाही. मग डोळे पुसले, हो म्हणाले, पुन्हा पुसले, पुन्हा हो म्हणाले. मी म्हटलं, थांबा, अजून एक गोष्ट राहिली आहे, माझा स्टुडिओ.

ताई, या आधी दोघांनी मला विचारलं होतं, की तो बंद कधी करणार. तुमच्या भावानं मात्र अगदी हळू आवाजात विचारलं, की तिथं माझ्यासाठी एक खुर्ची मावेल का?

तुमची होणारी भावजय,
कामिनी