शिट्टी गेलेल्या रेडिओचा वारसदार

मी, ज्योती प्रेमानंद पाईकराव, वय वर्षे सदुसष्ट, आयटीआयमधून निवृत्त झालेली रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची निदेशिका, राहणार कळमनुरी, जिल्हा हिंगोली, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कुणी गोड बोललं म्हणून नव्हे आणि कुणी दम दिला म्हणूनही नव्हे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

लोक आजारी पडले की मृत्युपत्र करतात. मला काही झालेलं नाही. उलट या आठवड्यात मी इतक्या खुशीत आहे की आज सकाळी दूध दोनदा उतू गेलं. माझा रेडिओ बोलला! मी स्वतः जोडलेला, घरच्या गच्चीवरचा रेडिओ, शिट्टीशिवाय, स्वच्छ बोलला. तो बोलला आणि लगेच माझ्या मनात आलं, की बाई गं, तुझ्यामागे याला कोण बोलतं ठेवणार? म्हणून हा सगळा खटाटोप.

वकीलसाहेब म्हणाले होते, "बाई, मोजकंच लिहा." मी प्रयत्न केला, जमलं नाही.

कलम १. घर. खालच्या दोन खोल्या आणि गच्चीवरची एक, नगर परिषदेत माझ्या नावावर आहेत. माझा मुलगा प्रज्ञेश (पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी) आणि मुलगी सपना (नांदेडला परिचारिका) यांना हे घर निम्मं निम्मं द्यावं. गच्चीवरची खोली मात्र रेडिओची आहे. रेडिओ ज्याच्याकडे जाईल त्याला ती खोली वापरू द्यावी आणि जिन्याला कुलूप घालू नये.

प्रज्ञेश दर रविवारी फोनवर म्हणतो, "आई, पुण्याला ये, सोसायटीत लिफ्ट आहे." अरे बाबा, त्या सोसायटीत गॅलरीत टॉवेल वाळत घालू देत नाहीत, तिथे माझी अँटेनाची तार कुठे बांधू, तुझ्या लिफ्टला? तो मनाने चांगला आहे. पण मागच्या महिन्यात त्याने "ते डबडं भंगारात देऊन टाकू" असं म्हटलं होतं, ते मी विसरलेली नाही आणि इथे मुद्दाम लिहून ठेवते.

कलम २. बँकेतली ठेव दोघांत सारखी. गळ्यातलं आणि पाटल्या सपनाला. यावरून भांडायचं असेल तर आत्ताच, माझ्यासमोर भांडावं, मी मध्ये बोलायला आहे तोवर.

कलम ३. हत्यारं. जुनं सोल्डरिंग आयर्न, पक्कड, मीटर आणि ऑसिलोस्कोप हे आयटीआयमध्ये माझा ट्रेड शिकणाऱ्या मुलींना द्यावं. आयर्नचं हँडल माझ्या यजमानांनी, म्हणजे प्रेमानंद यांनी, सुताराकडून करून आणलेलं आहे, ते बदलू नये. हे एसटीत कंडक्टर होते. हौशी रेडिओचा, म्हणजे घरून दूरदूरच्या लोकांशी बोलायचा, परवाना आम्ही दोघांनी बरोबरच काढला. बोलायला ते आणि जोडायला मी! वसमतच्या गाडीवर दिवसभर "पुढे सरका, पुढे सरका" ओरडून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा माईकवर बसायचा आणि श्रीलंकेतल्या कुणाला तरी हळदीचा भाव सांगायचा. त्यांना एकच ध्यास होता. म्हणायचे, "ज्योती, विकतच्या सेटवर कुणीबी बोलंल. तुझ्या हातच्या सेटवर बोलायचंय मला." तो सेट पुरा व्हायच्या आधीच ते गेले. याचं मला फार वाईट वाटतं, आणि मृत्युपत्रात वाईट वाटण्याला मनाई नाही.

कलम ४. रेडिओ. हे कलम नीट वाचावं, सारं मृत्युपत्र याच्यासाठीच आहे.

हा सेट कुणालाही देता येत नाही. प्रसारण करणारा संच सरकारी परवान्याशिवाय वापरता येत नाही, नुसता घरात ठेवताही येत नाही. माझी कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं माझं सरकारी नाव, तेसुद्धा वारशाने जात नाही, ते माझ्याबरोबर संपतं. प्रज्ञेशकडे परवाना नाही, सपनाकडे नाही, अख्ख्या कळमनुरीत माझ्याशिवाय कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. म्हणून वारसाची जागा कोरी सोडते:

हा सेट मी ______________ यांना देते.

माझ्यामागे वर्षभरात माझ्या घरच्या किंवा या गल्लीतल्या कुणीही परवाना काढला, तर त्याचं नाव इथे आहे असं समजावं. कुणीच काढला नाही, तर सेट दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुठल्याही परवानाधारकाला द्यावा. मग तो या गच्चीवर कधीच बोलणार नाही. हे लिहायची माझी इच्छा नाही, तरी लिहिते, कारण भंगारापेक्षा ते बरं.

आता ज्याच्या हाती तो जाईल त्याला कळायला हवं की आत काय आहे. झाकण उघडलं की मधोमध चार डायोड गोलाकार जोडलेले दिसतील, एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडाशी. दोन्ही बाजूंना काळ्या कड्यांवर तांब्याची तार गुंडाळलेली आहे. हा बॅलन्स्ड मिक्सर. सेटचा जीव त्यात आहे.

मिक्सरचं काम असं. तारेवरून बाहेरचा आवाज येतो, अगदी बारीक. सेटच्या आत ऑसिलेटर आहे, त्याचा सूर दांडगा. दोन्ही एकत्र केले की त्यांच्या कंपनांची बेरीज आणि वजाबाकी तयार होते. वजाबाकी आपल्याला हवी, कारण पुढचा फिल्टर तेवढीच ओळखतो. पण साधा मिक्सर मूळचे दोन्ही सूरही पुढे सोडतो, आणि ऑसिलेटर तर इतका जोरकस की पाहुण्याचा, म्हणजे बाहेरून आलेला, आवाज त्यात बुडून जातो. लग्नात बँडवाल्याच्या शेजारी उभं राहून कुणाशी बोलून पाहा, म्हणजे कळेल.

मग चार डायोड कशाला? ते इथे दारासारखे उघडतात आणि मिटतात. ऑसिलेटर एका जोडीला उघडतो तेव्हा दुसरी बंद, मग उलट. त्यामुळे पाहुण्याचा आवाज एकदा सुलटा, एकदा उलटा असा पुढे जातो, सेकंदाला दीड कोटीहून जास्त वेळा! त्या उलटसुलटीतूनच बेरीज-वजाबाकी जन्माला येते. आणि ऑसिलेटर स्वतः? तो कॉइलच्या, म्हणजे त्या गुंडाळलेल्या तारेच्या, बरोबर मध्यावर दिलेला असतो, म्हणून दोन्ही अर्ध्यांत सारखाच जातो आणि बाहेरच्या टोकाला एकमेकांना खोडून टाकतो. वसमतच्या आडतीत हळद तोलतात तशी तागडी समजा. दोन्ही पारड्यांत सारखं वजन असेल तर काटा हलत नाही, कितीही जड असो. वर चिमूटभर टाकलं की तेवढंच दिसतं. पाहुण्याचा आवाज म्हणजे ती चिमूट. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी आयटीआयच्या वर्गात एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या, आणि आज लिहितानाही वाजवाव्याशा वाटतात.

बोलताना हीच रचना उलट्या दिशेने चालते. मी बोलले तरच काही बाहेर जावं, गप्प बसले की काहीच जाऊ नये. पण माझ्या सेटमधून मी गप्प असले तरी ऑसिलेटर गळायचा, ऐकणाऱ्याच्या कानात बारीक शिट्टी. सगळे सांगायचे, "ताई, तुमच्या आधी तुमची शिट्टी पोचते." मी कड्या बदलल्या, तीन तारांचा पीळ उकलून पुन्हा घातला, एका तारेचं टोक उलटं तर लागलं नाही ना म्हणून भिंगातून पाहिलं. सगळं बरोबर! डायोड तर मी पिशवीभर मोजून त्यातले चार जुळे निवडले होते. तरी शिट्टी. अगदी रडकुंडीला आले.

गेल्या आठवड्यात सपना आली. मी डायोड मोजत बसले होते, एक एक बोटात धरून, मीटरच्या टोकांना लावून. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, हात केवढा गरम लागून राहिला तुझा. ताप आहे तुला." मी म्हटलं, ताप असू दे, आधी हे... आणि तिथेच थांबले. हात गरम! डायोड ऊब लागली की बदलतो, त्यावरचं व्होल्टेज उतरतं. हे मी पोरींना वर्षानुवर्षं शिकवलं, आणि स्वतः बोटांत धरून मोजत बसले. जो बोटांत जास्त वेळ राहिला तो जास्त तापला. मीटरवर जुळे दिसणारे डायोड गार झाले की जुळे नव्हतेच! मी असली किंचाळले की सपनाने थर्मामीटरच आणला. ताप होता खरा, पण मला कुठली शुद्ध. मग डायोड चिमट्यांत अडकवून, थंड होऊ देऊन, हात न लावता पुन्हा मोजले. तिने गोळी दिली, मी जोडणी केली.

परवा सकाळी माईक सुरू केला आणि गप्प बसले. सेटवरच्या मीटरची सुई शून्यावर! जरासुद्धा हलली नाही. "हॅलो" म्हटलं, सुई उडाली. गप्प झाले, पुन्हा शून्य. मंगळूरचे एक गृहस्थ उत्तरले, "ताई, आज शिट्टी कुठे गेली?" मी म्हटलं, "गेली हो, गेली!" आणि माईक सोडून सपनाला मिठी मारली. ते गृहस्थ बिचारे पलीकडे वाट बघत राहिले. प्रेमानंद असते तर त्यांनी त्यांना अर्धा तास सोडलं नसतं.

वारसाला सूचना: डायोड बदलायची वेळ आली तर बोटात धरून मोजू नये.

कलम ५. शेजारीण पार्वतीबाई संतराम मगर. अँटेनाच्या तारेचं एक टोक यांच्या अंगणातल्या लिंबाला बांधलेलं आहे. संतरामभाऊ होते तेव्हा त्यांनी स्वतः वर चढून गाठ मारली. ते गेल्यापासून पार्वतीबाईंची एकच तक्रार, की माझा आवाज त्यांच्या टीव्हीत बदकासारखा येतो. एकदा मालिकेतल्या सासूच्या तोंडून मी बोलले म्हणे. "ज्योतीबाई, माझ्या झाडाची तार काढा न्हाई तर मी विळ्यानं कापते," असं त्या चारचौघांत म्हणाल्या. तेव्हापासून आमच्यात सणावाराच्या निरोपापुरतंही बोलणं उरलेलं नाही. यांना मी माझ्याकडची इडलीची भांडी देते, ती त्यांचीच आहेत. आणि हात जोडून सांगते, माझ्यामागे तार कापू नये. तार गेली की सेट मुका.

कलम ६. पुनम माऊली मगर, पार्वतीबाईंची सून, बी.एस्सी. ही टीव्हीची तक्रार घेऊन आली आणि कॉइल गुंडाळायला बसली, ती आजतागायत. तीन तारांचा पीळ तिच्याइतका एकसारखा मला येत नाही. परवाना काढ म्हणून मी तिच्या किती मागे लागले! "मावशी, मला काय जमतंय, घरी कळलं तर काय म्हणतील," एवढंच म्हणते. दिवाळीनंतर, ऐन कड्या नव्याने गुंडाळायच्या वेळी नागपूरला मामाच्या वास्तुशांतीला निघून गेली, त्याचा मला अजून राग आहे. पुनमला मी काहीही देत नाही. ती साक्षीदार आहे, आणि ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये असं वकीलसाहेबांनी बजावलं आहे. तिने वाईट वाटून घेऊ नये.

कलम ७. माझ्यामागचे विधी बौद्ध पद्धतीने, साधे करावेत. पुण्यानुमोदनाला माईक लावला तर त्याची शिट्टी वाजू देऊ नये. माझ्याच कार्यक्रमात शिट्टी वाजली तर मी उठून बसेन.

ज्योती प्रेमानंद पाईकराव (सही)

सह्यांच्या वेळी वाढवलेला मजकूर:

आज फुलसिंग राठोड, निवृत्त पोस्टमन, आणि पुनम हे दोघे साक्षीदार म्हणून आले. फुलसिंगभाऊंनी सगळं मोठ्याने वाचलं. पुनमच्या मागोमाग पार्वतीबाईही येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. माझ्या दाराशी त्या आज किती दिवसांनी आल्या होत्या.

फुलसिंगभाऊंनी सही केली. पुनमने पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"मावशी, मला सही करता येत न्हाई."

"काहून गं? काय झालं?"

"ज्याला मिळायचंय त्यानं सही करू नये, असं तुमीच लिहिलंय की."

तिने मोबाइल पुढे केला. त्यावर परवाना होता, तिच्या नावाचा, काल आलेला. नागपूरला वास्तुशांती नव्हतीच, परीक्षा होती! नापास झाले तर तुम्हाला तोंड कसं दाखवू, म्हणून बोलले नाही, म्हणाली. मी तिला एक धपाटा घातला, मग पोटाशी धरलं, आणि आम्ही दोघी रडलो. कलम ४ मधली कोरी जागा मी तेव्हाच, सगळ्यांच्या देखत भरली. तिथे आता लिहिलं आहे: पुनम माऊली मगर. कलम ६ मधलं "काहीही देत नाही" रद्द समजावं.

मग दुसरा साक्षीदार कुठून आणायचा? पार्वतीबाई दारातून म्हणाल्या, "काहून, मला सही येत न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "पार्वतीबाई, यात तुमच्या झाडाचं लिहिलंय. आणि भांडी..."

"ऐकलंय मी समदं. भांडी आधीच माझी हैत. आन पेन."

त्यांनी सहीच्या शेजारी स्वतःच्या अक्षरात जे लिहिलं ते मी खोडू दिलेलं नाही. तेही या मृत्युपत्राचा भाग समजावं.

भरलेली जागा आणि हा वाढवलेला मजकूर दोघांसमोर वाचून मी पुन्हा सही केली, आणि माझ्यासमोर साक्षीदारांनी.

ज्योती प्रेमानंद पाईकराव (सही)

साक्षीदार १: फुलसिंग राठोड (सही)

साक्षीदार २: ~~पुनम माऊली मगर~~ पार्वतीबाई संतराम मगर (सही)
झाड माझं हाय. तार माझ्या मालकाच्या हातची हाय, ती मी कापनार न्हवते. सुनबाईनं मालिकेच्या टायमाला बोलू नये.

ठिकाण: कळमनुरी, जि. हिंगोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५