रुस्ताकची बाइक आणि तुमचा सेट

पप्पा,

मला एक बाइक घ्यायचीय आणि उद्या दुपारपर्यंत उत्तर द्यायचंय. आत्ता लंच ब्रेक आहे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये एसी चालू ठेवून गाडीत बसलेय, डबा अजून उघडला नाही. आईशी हे बोलता येत नाही, बाइक म्हटलं की ती भांडी जोरात आपटायला लागते. मित्रांशी बोलून झालं, त्यांना काय, ते सगळ्यालाच 'घे घे' म्हणतात. म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होते, आता मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली. तुम्ही आयुष्यभर इथे ओमानमध्ये, गाला भागातल्या गॅरेजमध्ये गाड्यांखाली झोपलात, आणि आपलं दोघांचं गाड्यांबद्दल मोठ्या माणसांसारखं बोलणं एकदाही झालं नाही. ते आज करून बघते.

दर शुक्रवारी आमचा ग्रुप वादीत डर्ट बाइक चालवायला जातो. वादी म्हणजे तीच, पाणी नसलेली दगडांची नदी, जिथे तुम्ही आम्हाला पिकनिकला न्यायचात आणि आई चटई टाकायला सपाट जागा शोधत राहायची. पण डर्ट बाइकला नंबर नसतो, ती रस्त्यावर आणता येत नाही, पिकअपमध्ये चढवून न्यावी लागते. पिकअप एकाच मित्राची आहे, आणि त्याचं लग्न झाल्यापासून आम्ही त्याच्या बायकोच्या मूडवर जगतो. मला अशी बाइक हवीय जी अमेरातला आमच्या बिल्डिंगखालून सुरू होईल, नंबर प्लेट लावून हायवेने जाईल, तिकडे मातीत उतरेल आणि संध्याकाळी मला घरी आणेल. म्हणजे डर्ट बाइक घ्यायची आणि तिला लाइट, हॉर्न, आरसे, इंडिकेटर बसवून रस्त्यासाठी पास करून घ्यायची. पण कुठली बाइक घ्यायची यावरच सगळं अडलंय. रात्री झोप लागत नाही, खरंच सांगते, डोळे मिटले की चेन दिसते.

पहिली रुस्ताकला पाहिली. मालक ओमानी, चाळिशीचा, आधी कावा, म्हणजे त्यांची कॉफी, आणि खजूर, मग बाइक. बाइकला हात लावायची घाई केली तर त्याला वाईट वाटेल म्हणून मी तीन कप कावा प्यायले. मग त्याने चादर काढली. पप्पा, ती इतकी हलकी आहे की मी एकटीने स्टँडवर चढवली. दुसऱ्या किकला सुरू झाली. मागच्या मैदानात एक चक्कर मारली आणि हेल्मेटमध्ये मी मोठ्याने हसत होते, एकटीच. पण ती रेसची आहे. बॅटरी नाही, आणि इंजिनमधली कॉइल फक्त स्पार्कपुरतीच वीज बनवते. हेडलाइटला द्यायला तिच्याकडे काहीच नाही. रजिस्ट्रेशनची मुल्कियाही नाही, कस्टमचा एक जुना कागद आहे. अशी बाइक पास होते का विचारलं तर कोणी म्हणतं होतच नाही, कोणी म्हणतं माणूस ओळखीचा पाहिजे.

दुसरी गालाला, तुमच्या जुन्या लाइनमध्येच, चाचांनी दाखवली. तुमच्याबरोबर काम करायचे ते रत्नागिरीचे चाचा. दाढी पूर्ण पांढरी झालीय, गॅरेज आता तेच बघतात. बाइक जुनी आहे, जड आहे, रंग उडालेला. पण बटण दाबलं की सुरू होते, लाइट कंपनीचेच आहेत, मुल्किया आहे. मी मुद्दाम ती जमिनीवर आडवी केली आणि उचलायला गेले. तिसऱ्या प्रयत्नात उचलली, तीही पाठीत चमक भरून. वादीत एकटी असताना पडली तर? चाचा बघत होते. म्हणाले, "काय गो, म्हैस उचलतेस काय? मनात दुसरी भरलीय ना तुझ्या?" मग मी रुस्ताकचं सांगितलं. लाइटला वीज नाही, पास कशी होणार, ते सगळं एका दमात. चाचा हसले. "त्यात काय. बापसाचा सेट आहे ना."

मागच्या शेल्फवरून त्यांनी एक पत्र्याचा डबा काढला. त्यात हेडलाइट, टेललाइट, चार इंडिकेटर, हॉर्न, दोन आरसे, एक छोटी बॅटरी, आणि सगळ्याला जोडलेली एकच वायर, क्लिपा लावलेली. कुठल्याही बाइकवर वीस मिनिटांत चढतो, म्हणाले. इन्स्पेक्शनला जायचं, लाइट लागतो, हॉर्न वाजतो, पास. परत येऊन सेट काढायचा, पुढच्या माणसाला. खलास. "बॅटरी किती चालते?" "अर्धा तास. तेवढा पुरतो." "आणि नंतर रस्त्यावर?" "नंतरचा ज्याचा तो बघतो. तुझ्या बापाने बनवलाय हा. बॅटरी तेवढी मी बदलतो, बाकी वायर त्याचीच. एक जोड सुटला नाही आजपर्यंत."

पप्पा, आई सगळ्यांना सांगते, आमच्या ह्यांनी कधी एक नट कमी लावला नाही. मीही तेच सांगत आले. आणि तो डबा हातात घेतल्यावर मला तो दिवस आठवला. शाळेला सुट्टी आहे, आईला बरं नाही म्हणून तुम्ही मला गॅरेजमध्ये आणलंय. तुम्ही गुडघ्यांवर बसून एका ओमानी मुलाच्या बाइकवरून लाइट काढताय, आणि मी विचारते, आत्ताच तर लावले होते ना? तुम्ही सांगता, पास झाली, आता नकोत. आणि मी सगळ्यांसमोर म्हणते, "पप्पा, दॅट्स चीटिंग." चाचा हसतात, तो मुलगाही हसतो. तुम्ही हसत नाही. "गाडीत जाऊन बस," एवढंच. काचा खाली करून मी त्या गरम सीटवर बसून राहते. नंतर तुम्ही चिप्सचं पाकीट माझ्या मांडीवर टाकलंत आणि गाडी सुरू केलीत. बिल्डिंगखाली गाडी बंद केल्यावर म्हणालात, "शाळेतलं शाळेत ठेवायचं. इथे माणसं पोटासाठी आलीत." इतकी वर्षं मला फक्त ओरडा लक्षात राहिला, मी लोकांसमोर इंग्लिश झाडलं आणि तुमचा अपमान केला एवढाच. चीटिंग कसलं होतं ते मी विसरूनच गेले होते.

चाचांना विचारलं, पप्पांनी सेट लावायला कधी कुणाला नाही म्हटलं का? चाचा म्हणाले, "एकदा. अर्बाबच्या भाच्याला. अर्बाब आपला स्पॉन्सर गो, त्याच्या हातात विसा, तरी नाही म्हणाला. आम्ही घाबरलो, उद्या सगळ्यांना घरी पाठवतो की काय." "मग का नाही म्हणाले?" "ईदला त्या पोराच्या आईने आमच्यासाठी जेवण पाठवलेलं. हा म्हणाला, त्या बाईचं तोंड मी बघितलंय." मी म्हटलं, "आणि बाकीच्यांच्या आया?" चाचांनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाले, "बाकीच्यांच्या आया आम्ही बघितल्या नव्हत्या."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. म्हणजे तुम्हाला धोका माहीत होता. तरी लावत होतात. मला राग यायला हवा, थोडा आलाही, पण गॅरेजवाल्याच्या व्हिसावर बायको-मुलगी आणून, इंग्लिश मीडियमची फी भरून मला 'चीटिंग' हा शब्द कोणी शिकवला, तेही कळतं. आणि खरं म्हणजे मला रागापेक्षा भीती वाटतेय. वादीतून परत येताना सूर्य बुडतो तेव्हा मागून ट्रक येतात. मी ब्रेक मारलाय हे त्या ट्रकवाल्याला कसं कळणार, जर मागे लाल काहीच लागलं नाही? आईला पुन्हा एकदा हॉस्पिटलच्या त्या बाकावर बसवायचं का? तुमच्या वेळी ती बसली होती, मांडीवर माझी स्कूलबॅग घेऊन. आणि लगेच दुसरा विचार येतो, अंधाराआधीच निघाले तर? रोज थोडीच चालवणार आहे? ती इतकी हलकी आहे, पप्पा.

काल चाचांना फोन केला. ते म्हणाले, "यल्ला, चल, घेऊन ये, सेट लावून ठेवतो." मी म्हटलं, "नको चाचा, जडवालीच ठेवा माझ्यासाठी. पप्पा असते तर नाहीच म्हणाले असते." पलीकडे त्यांनी कंप्रेसर बंद केला. मग चाचा म्हणाले, "हो गो. तुला नाहीच म्हणाला असता." मला इतकी लाज वाटली, कारण मी ते ठोकून दिलं होतं. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला खरंच माहीत नाही. मला भीती वाटली, आणि 'भीती वाटते' म्हणायच्या जागी मी तुमचं नाव सांगितलं.

चाचांनी विश्वास ठेवला. आज जडवालीचं ऑइल बदलून ठेवतो म्हणालेत. हे तुम्हाला कुठे पाठवणार, फोनमध्येच राहील. ब्रेक संपायला पाच मिनिटं आहेत. रुस्ताकवाल्याला उद्यापर्यंत कळवायचंय, त्यालाही 'सॉरी, नको' असा मेसेज लिहून ठेवलाय, सकाळपासून. तोही अजून पाठवलेला नाही.