पाचव्या ‘का’चं उत्तर

निगडी,
९ जानेवारी २०२६

ती. स्व. मामंजींना,
स्वरूपाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि जन्मभर पोस्टमनकी केलीत, म्हणून तुमच्या हट्टापायी लिहायला बसलेय. विजयश्री तीन वर्षांची होत आली, तोंडातून अजून एक शब्द नाही. तिच्या जनुक तपासणीचा रिपोर्ट आला. एआरआयडी-वन-बी नावाच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत बदल सापडलाय. घट्ट गुंडाळलेला डीएनए सैल करून बाकीच्या जनुकांना कामाला लावायचं, हे त्याचं काम. पण बोलणं अडलंय ते याच बदलामुळे का, हे नक्की नाही म्हणतात. इतकी वाट बघून हातात काय, तर ‘नक्की नाही’! आम्हा दोघांचं रक्त तपासलं तर उलगडा होईल. मी दिलं. तुमचे चिरंजीव देत नाहीत. आज शिफ्ट, उद्या ऑडिट.

चाकणला यांच्या कंपनीत खराब पार्ट निघाला की पाच वेळा ‘का’ विचारून कारण शोधतात. तसला फॉर्म यांनी फ्रिजवर चिकटवलाय. पाचव्या ‘का’पुढे उत्तर: ग्रहणात बसचा प्रवास! विजयश्रीच्या वेळी मला पाचवा महिना होता, दिवाळीत ग्रहण होतं आणि मी कामावरून बसने घरी आले. सासूबाईंचं तीन वर्षांचं पालुपद यांनी फॉर्मात भरलं. मला दुसरं मूल हवंय. हे म्हणतात, कारण सापडल्याशिवाय नाही. संताप संताप होतो, मामंजी.

सासूबाईंना नमस्कार. माया आहे ती आटू देऊ नका.

आपली,
स्वरूपा

कळंब,
१६ जानेवारी २०२६

चि. सौ. स्वरूपास,
ज्योतीरामचे अ. आ.

तुझं पत्र पोचायला पाच दिवस लागले. आमच्या वेळी साहेबाने जाब विचारला असता. तुझं जनुक मला असं कळलं: थैलीत पत्रं सगळी आहेत, गाठ सोडायला दोन माणसं लागतात, त्यातला एक गैरहजर आहे. चुकलं असेल तर सांग.

सुजितला वेगळं कार्ड टाकलंय. पार्ट तपासणारा इन्स्पेक्टर असून एकही मोजमाप न घेता कारण लिहिलंस, आमचा साहेब असता तर फॉर्म तोंडावर फेकला असता, असं लिहिलंय. तुझ्या सासूपुढे मात्र मी हात टेकले. परवा चिडून विचारलं, तर म्हणाली, चिमाजीला विसरलात का. चिमाजी तिचा धाकटा भाऊ. तोही बोलायचा नाही, सोळाव्या वर्षी गेला. त्याच्या आईने ग्रहणात भाजी चिरली, असा ठपका गावाने ठेवला होता.

विजयश्रीचा पापा घे. आमची आठवण असू दे.

तुझा,
ज्योतीराम

निगडी,
२७ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. मामंजींना,
सा. न. वि. वि.

तुमच्या कार्डाने काम केलं. हे दुसऱ्याच दिवशी रक्त देऊन आले. तेव्हा कुठे बोलले, की चिमाजीमामांचं आपल्यातूनच पोरीत आलं असेल, ही भीती होती. म्हणजे भीती यांची आणि ठपका माझ्यावर!

काल रिपोर्ट आला. तो बदल आमच्यापैकी कुणातच नाही, विजयश्रीत नव्याने झालाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हेच कारण धरायचं. कुणाच्या करण्या-न करण्याने हे झालेलं नाही. दुसऱ्या मुलाला धोका फारच कमी. तुमची थैली त्यांना सांगितली. हसल्या, म्हणाल्या, बरोबर आहे, हजर आहे त्याच्याकडून काम हळू होणार, आपण मदत करत राहायची.

यांनी फ्रिजवरचा फॉर्म काढला. वाटलं, आता तरी चुकलं म्हणतील. तर विचारलं, चहा आहे का. माझी तीन वर्षं कोण भरून देणार? हे पत्र सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. माफी नको, ऐकू दे फक्त.

तब्येतीला जपा, लोभ असाच ठेवा.

आपली,
स्वरूपा

कळंब,
६ मार्च २०२६

चि. सौ. स्वरूपास,
अ. आ.

इतक्या मोठ्याने वाचलं, की शेजारच्या विमलबाईही दारात आल्या. तुझी सासू तांदूळ निवडत राहिली. मला राग आला. संध्याकाळी तिनेच पत्र पुन्हा वाचायला लावलं, ‘कुणाच्या करण्या-न करण्याने’ या ओळीपर्यंत, तीनदा. मग म्हणाली, सूनबाईला वाटेल तसं बोलले, ते माझं चुकलं, असं लिहा. लिहिलं.

आणखी एक विचारायला सांगितलंय. तिची आई मरेपर्यंत प्रत्येक ग्रहणात पाण्याचा घोटही न घेता कोपऱ्यात बसायची. चिमाजीचं रक्त आता मिळायचं नाही, हे तुझ्या सासूला कळतं. तरी डॉक्टरीणबाईंना विचार, तिच्या आईचाही दोष नव्हता ना?

त्या ‘नक्की नाही’ म्हणाल्या, तर तेवढं मात्र लिहू नकोस. पत्र मला मोठ्याने वाचायचं आहे.

तुम्हा तिघांवर माया आहेच, तुमचीही राहू दे.

तुझा,
ज्योतीराम