गुळातली गोळी

प्रिय आई,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. आकाराम भाऊजी तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांनी मधलं काही गाळू नये.

अनुजाला घरी आणलं. नाकातली नळी काढली. भिंतीला धरून चालते. डॉक्टर म्हणाले, फिट फार वेळ चालली, मेंदूला मार बसला आहे. सहा वर्षांची आहे, काही शब्द परत येतील, काही पुन्हा शिकवावे लागतील. किती, ते त्यांना सांगता आलं नाही. मी पेला दाखवून ‘पाणी’ म्हणते. ती माझ्या ओठांकडे बघते. पेल्याकडे बघत नाही.

धैर्यशील दवाखान्याच्या जिन्यात तुम्हाला जे बोलले ते मी ऐकलं. ‘पोरगी खाल्लीस तू.’ पोटच्या मुलाचं हे बोलणं ऐकून तुम्ही पिशवी उचलली आणि शाहूवाडीची एसटी धरली. तेव्हापासून ते घरात बोलत नाहीत. कागलला डबल ड्युटी करतात. घरी आले की अनुजा झोपली आहे का, एवढंच विचारतात. जागी असेल तर बाहेरच थांबतात.

रोज सकाळी तुम्ही गुळाच्या खड्यात फिटची गोळी दाबून तिला भरवायचा. उन्हाळ्यानंतर नुसता गूळ देत होता आणि गोळी मोरीत टाकत होता, हे दवाखान्यात तुम्हीच सांगितलंत. लपवलं असतं तर आम्हाला कळलंही नसतं. गोळीनं ती पेंगायची. काल शिकवलेलं अक्षर आज तिला ओळखू यायचं नाही. शाळेतल्या बाई सगळ्यांदेखत तिला मंद म्हणाल्या, ते तुम्ही दारात उभं राहून ऐकलंत.

आणि मग ती खरंच जागी झाली. मंडईत प्रत्येकीला विचारत सुटली, ओ मावशी, ही कुठली भाजी, हिला काटे कशाला? भाजीवाली म्हणाली, ‘कुणाची गं ही वकिलीण?’ तुम्ही म्हणालात, ‘आमचीच हाय की.’ घरी येईपर्यंत तुमची मान ताठ होती. मला वाटलं, औषध लागू पडलं. तेव्हा कुणी मला खरं सांगितलं असतं, तर मी गोळी पुन्हा सुरू केली असती का, हे मला माहीत नाही.

डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, त्या गोळीनं सुस्ती येते हे खरं आहे. सांगितलं असतं तर बदलून दिली असती.

आता बदलून दिली आहे. ती थुंकते. काल दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. थुंकलेली गोळी मी उचलली, तिच्या तोंडात घातली आणि गिळावी म्हणून नाक-तोंड दाबून धरलं. गोळी गेली. माझा हात लगेच निघाला नाही. ती माझ्याकडे बघत होती, रडतसुद्धा नव्हती. धैर्यशीलना मी हे सांगितलेलं नाही. आई, तुम्ही या. माफ केलं म्हणून बोलवत नाही. ती तुम्हाला ओळखेल असंही नाही, मलाही ओळखत नाही. मी तिच्याजवळ एकटी असू नये, म्हणून या. भाऊजी, एवढं वाचून झालं की त्यांना पहिल्या गाडीत बसवा.

तुमच्याच घरातली,
क्रांती