तन्मण्याची गाठ

पिपलानी, भोपाळ
१० नोव्हेंबर २०२५

ती. मंजूषामावशीस,
गौरीचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. झालं ते असं:

१. शनिवारी संध्याकाळी बाबा आणि मी सोनागिरीला माझ्या होणाऱ्या सासरी, कौस्तुभच्या घरी, जेवायला गेलो होतो.
२. मागच्या दाराची कडी कापून कुणीतरी घरात शिरलं.
३. आईचा तन्मणी आणि पाटल्या गेल्या. लग्नासाठी लॉकरमधून आणून कपाटात ठेवल्या होत्या. बाकी कशाला हात लावलेला नाही.
४. पोलिसांत तक्रार नोंदवली आहे. घराचा विमा आहे, त्यात दागिने धरलेले आहेत.

विमा कंपनीचे सर्व्हेअर म्हणतात, पावती नसेल तर दागिना अंगावर असलेला स्पष्ट फोटो द्या. दोन्ही दागिने आजीचे, त्यामुळे पावती नाही. खूणही नाही. बाबांनी कुकरपासून शिडीपर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूवर आपला स्टाफ नंबर कोरून ठेवला, पण दागिन्यांजवळ आईने ते कोरायचं यंत्र येऊ दिलं नाही.

मी सगळे अल्बम पाहिले. आईच्या गळ्यात तन्मणी असलेला एकही फोटो सापडला नाही. याचं कारण मला कळत नाही. तुझ्याकडे असा फोटो असेल तर मूळ प्रत पाठव. स्कॅन करून परत करीन.

बाबा बरे आहेत. नवीन कडी बसवून झाली, ती त्यांना पसंत नाही म्हणून काढूनही झाली. लग्न ठरलेल्या दिवशीच, १९ डिसेंबरला, नोंदणी पद्धतीने.

तुझी,
गौरी

*

नागपूर
१९ नोव्हेंबर २०२५

चि. गौरीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चोर आला, कडी कापली, बाबा बरे आहेत, सगळं समजलं. तू कशी आहेस ते कितव्या क्रमांकावर लिहिलंस, मला सापडलं नाही. अगदी बापाची मुलगी आहेस.

विजूचा तन्मणी घातलेला फोटो नाहीच गं. तिने तो स्वतः घातलाच कधी? पिपलानी-बरखेड्यातल्या मराठी घरांत नवी सून आली, की पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विजूचा तन्मणी तिच्या गळ्यात. मुली माहेरापासून इतक्या लांब आलेल्या. विजू म्हणायची, त्या दिवशी तरी गळा ओका दिसू नये. तुझे बाबा फोटो काढायचे आणि ती एकेक प्रत मला पाठवायची, मागे नाव लिहून. सगळे सोबत पाठवते आहे. पहिला बरखेड्याच्या पल्लवीचा.

तुझ्या वेळी मात्र आपण स्वतः दिमाखात मिरवणार, असं म्हणत होती. तुला तन्मणी बांधायचा आणि मग सगळ्यांना सांगत सुटायचं, की ही माझी. तेवढं राहिलं.

लग्नाला मी नक्की येते. तुझ्या सासरच्या हळदीकुंकवाला मात्र मला थांबवू नकोस. तुझे काका गेल्यापासून अशा दिवशी मी मागच्या खोलीत बसते, तिथे मला बरं असतं. नव्या नवरीच्या भोवती माझं काय काम.

फोटो जपून वापर आणि वेळेवर जेव.

लोभ आहेच, तू मागितला नाहीस तरी.
तुझी मावशी

*

पिपलानी, भोपाळ
८ डिसेंबर २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोटो मिळाले. सर्व्हेअरांनी ते पुरावा म्हणून स्वीकारले. तन्मण्याचा मी तुझ्याकडे मागितला होता, पाटल्यांचाही त्यातच मिळाला. कसा, ते सांगते.

तन्मण्याला मागे रेशमी गोंडा असतो, त्याची गाठ मारावी लागते. ती गाठ आई दुसऱ्या कुणाला मारू देत नसे, असं पल्लवीकाकू सांगतात. बाबा फोटो काढायचे तेव्हा ती नवरीच्या मागे उभी राहून गाठच बांधत असायची. तू पाठवलेल्या प्रत्येक फोटोत एक नवी मुलगी आहे आणि तिच्या मानेजवळ दोन हात आहेत. हातांत पाटल्या. चेहरा कुठेच नाही. कुठे तो नवरीच्या डोक्यामागे झाकला आहे, कुठे बाबांनी वरून कापला आहे. बाबांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, तेव्हा वाटायचं, हिचा फोटो काय, कधीही काढता येईल. मग ते कडी बसवायला गेले.

मी ते हात मोठे करून पाहिले. डाव्या हाताची करंगळी आत वळलेली आहे. तुझीही तशीच आहे. लहानपणी तू वेणी घालायचीस तेव्हा ती माझ्या कानाला लागायची.

तू मी कशी आहे ते विचारलं होतंस. ते फोटो स्कॅन करायला मला दोन दिवस लागले. काम अर्ध्या तासाचं होतं.

आता मुद्द्याचं. हळदीकुंकू १८ जानेवारीला, सोनागिरीला. पल्लवीकाकूंनी आईच्या तन्मण्यावरून हुबेहूब एक स्वतःसाठी घडवून घेतला होता. तो त्या मला त्या दिवसापुरता देणार आहेत. तो तू बांधावास. मागच्या खोलीचा नियम मला माहीत आहे. तो मला मान्य नाही. कौस्तुभच्या आईंना मी सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, मंजूषाताईंचे दात कसे आहेत, तिळाच्या वड्या मऊ करू का कडक.

फोटो या वेळीही बाबाच काढतील. कॅमेरा तिवईवर आधीच लावून ठेवीन. मागे उभं राहणाऱ्याचा चेहरा त्यात येईल, एवढं मी बघते.

तुझं येण्याचं तिकीट काढलं आहे. परतीचं २१ डिसेंबरचं काढू की १९ जानेवारीचं, ते १४ डिसेंबरपर्यंत कळव.

लोभ मागते आहे, या वेळी लिहून.
तुझी,
गौरी