हाउएव्हरच्या आधीचा घोट

वरवट बकाल, २ जुलै १९६३

पालकहो, यंदा चौदा पोरं मॅट्रिकला बसली आणि चौदाही इंग्रजीत आपटली! तीन वर्गांना इंग्रजीचा मास्तर एकच. ड्रॉइंगला मात्र दोन, कवायतीला दोन. हा अन्याय आपण किती दिवस गिळायचा?

— रविवारच्या सभेची सुरुवात अशी करावी. पण आधी बुलढाण्याला शाळाखात्याच्या साहेबाला अर्ज. इंग्रजीचा मास्तर मागायचा तर इंग्रजीतच मागायचा, हे माझं ठाम मत.

४ जुलै

अर्जाचं मुख्य वाक्य तयार. वी डू नॉट वॉन्ट मोअर मास्टर्स हाउएव्हर एबल मास्टर ऑफ इंग्लिश मे बी सेंट. म्हणजे: जास्तीचे मास्तर नकोत, तथापि इंग्रजीचा लायक मास्तर पाठवावा.

मोतीराम मास्तरांना दाखवलं. आमचा इंग्रजीचा एकुलता एक मास्तर तो हाच. म्हणाला, "भाऊ, हाउएव्हरच्या आधी अर्धविराम, नंतर स्वल्पविराम. नाहीतर साहेब भलतंच वाचेल."

दोन्ही खुणा कच्च्या कागदावर करून घेतल्या. भाषण करणाऱ्याला हे चटकन कळतं. 'परंतु' म्हणण्याआधी मी पाण्याचा घोट घेतो, तो अर्धविराम. म्हटल्यावर मिशीवरून हात फिरवतो, तो स्वल्पविराम. आरशासमोर वाक्य सतरा वेळा म्हटलं. तांब्या रिकामा झाला.

गोजर चुलीपाशी बसून ऐकत होती. "आधी हाव म्हनता, मंग नाही म्हनता. असाच हाय ना थो शब्द?"

बायकोनं व्याकरण एका वाक्यात उरकलं. मी संतापलो.

५ जुलै

मी वाक्य म्हणत गेलो, अर्जाची पक्की प्रत मोतीरामनेच लिहून दिली. अक्षर असं की छापखान्यानं शिकावं. मी डोळे मिटून सही केली. उद्या शनिवार, तो नेहमीप्रमाणे खामगावला बायकोकडे जाईल. आशाबाई तिथं नर्स आहे. चार वर्षं झाली, दर शनिवारी तीच पिशवी, तीच एसटी. वाटेत अर्ज टपालात टाकतो म्हणाला. सज्जन माणूस!

७ जुलै

सभा झाली. दीड तास बोललो. टाळ्या.

२३ जुलै

हुकूम आला. नवा मास्तर नाहीच, उलट मोतीरामची बदली! खामगावला!

त्यानं दहा मिनिटांत सामान बांधलं. "हुकुमापुढं काय करता, भाऊ," म्हणाला आणि एसटीत चढला. मला भरून आलं.

२५ जुलै

बुलढाण्याला गेलो. कारकुनासमोर गरजलो. त्यानं शांतपणे अर्ज काढला. अर्धविराम होता, पण हाउएव्हरच्या आधी नाही. एबलच्या नंतर!

"तुम्हीच लिहिलंय," कारकून म्हणाला, "मास्तर कितीही लायक असोत, आम्हाला नकोत. इंग्रजीचा मास्तर दुसरीकडे धाडला तरी चालेल. खामगावला जागा रिकामी होती, धाडला."

चूक माझीच. मी घोट चुकीच्या जागी घेऊन वाक्य म्हणून दाखवलं असणार, बिचाऱ्यानं तसंच उतरवलं.

२७ जुलै

दुसरा अर्ज लिहिला. मोतीराम आम्हाला परत द्या, नाहीतर उपोषण! हाउएव्हर तीन, देअरफोर दोन. प्रत्येकाच्या आधी घोट, नंतर मिशी.

गोजर म्हणाली, "काऊन आनता त्याले वापस? इचारलं का त्याले?"

स्त्रियांना चळवळ कळत नाही. पाकीट तिच्याचकडे दिलं, सोमवारी टपालात टाकायला.

२८ जुलै

सकाळी खामगावहून कुणाच्या तरी हाती मोतीरामची चिठ्ठी आली. इंग्रजीत, एकच ओळ. आय ॲम हॅपी हिअर; हाउएव्हर, आय मिस युवर स्पीचेस.

अर्धविराम जागेवर. स्वल्पविराम जागेवर.

माझा ४ तारखेचा कच्चा कागद काढून पाहिला. त्यातही जागेवर.

चार वर्षं. दर शनिवारी ती पिशवी.

गोजर, ते पाकीट पेटीत टाकू नको. मला परत दे. नवा अर्ज मराठीत लिहितो: इंग्रजीचा मास्तर पाठवा, बायकोसकट.