स्वलग्न मुलांचा मेळावा

अणदूर,
५ एप्रिल

ती. स्व. शंभुलिंगदादांना धाकट्या शिवकांताचा शरणार्थ.

तुमचा गुडघा कसा हाय? वहिनींची शुगर? तुमच्या दिग्विजयच्या लग्नाच्या गडबडीत मी पत्र लिहिते म्हणजे कहरच, पण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवून देता (वहिनी तर उचलतच न्हाईत), अन् पत्राला लाल बटण नसतंय. मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात, माझ्या समृद्धीला लग्नाला आणू नका, ओरडली-बिरडली तर सोयऱ्यांपुढं मान खाली जाईल. मला त्याचा जरासुद्धा राग आला न्हाय. (दोन दिवस भाकरी गोड लागली न्हाय, ते उन्हामुळं.)

तर इकडची मजा ऐका. माझी नऊ वर्षांची लेक स्वमग्न हाय, ऑटिझम म्हणत्यात त्याला, हे तुम्हाला ठाऊक, पण गाव म्हणतं पोरीला वारं लागलंय. म्हणून दोन एप्रिलला, म्हणजे ह्या मुलांसाठीच्या जागतिक दिवशी, समाजमंदिरात सभा घ्यायचं मी ठरवलं. डिजिटल बोर्डाचा मजकूर आमच्या ह्यांनी लिहून दिला. ह्यांचं अक्षर तुम्ही जाणताच. दुकानदाराला 'म'चा 'ल' दिसला अन् स्टँडवर भला मोठा बोर्ड लागला : "स्वलग्न मुलांचा भव्य मेळावा." लग्न म्हटल्यावर त्यानं आपल्या मनानं कलश, नारळ अन् दोन्ही बाजूंना सनईवालेबी टाकले!

मी पंचवीस माणसांचा चहा ठेवला, आली अडीचशे. जळकोटहून दोन टमटम भरून आले. सगळे बिनलग्नाच्या पोरांचे आईबाप, हातात बायोडाटा, अन् एक नवरदेव तर फेटा बांधूनच. (इकडं शेतीवाल्या पोराला पोरगी मिळंना झालीय, त्याचं कुणाला हसावं?) स्वलग्न म्हणजे मध्यस्थाबिगर आपलं आपण उरकायचं, ही सरकारी योजना हाय, असा अर्थ सोमलिंगमामांनी काढला. ते लग्नं जमवत्यात, धंदा बसणार म्हणून भांडायलाच आलते.

मी खरा प्रकार सांगितला तशी मंडळी उठाय लागली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, चहा फुकट प्यालात, आता ऐकून जावा! तेवढ्यात माइक किंचाळला. समृद्धीनं कानांवर हात दाबले, पळत गेली अन् पिनच उपसली. आता सभा बोंबलली, असं मला वाटलं. पण माइक न्हाय म्हटल्यावर ऐकायला माणसं पुढं सरकून बसली. मग मी सांगितलं, ही येडी न्हाय, हिला बाहेरचं काई झालेलं न्हाय. आपल्याला साधा वाटणारा आवाज हिच्या कानात घणासारखा पडतो. डोळ्यात बघत न्हाय तो माज न्हाय. काय होणार ते आधी सांगितलं तर निम्मं रडणं थांबतं. मागं एक म्हातारी उठली. म्हणाली, "माझा नातू असाच हाय बाई. पावणे आले की आमी त्याला आतल्या खोलीत कोंडतो." मग दुसरी उठली, तिसरी उठली. पाच घरं निघाली, दादा! मला भर सभेत रडू फुटलं, अन् फेटेवाल्यानं फेट्याचा शेव पुढं केला डोळे पुसायला.

बाहेर आलो तर समृद्धीनं सगळ्यांच्या चपला लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावलेल्या. कुणालाच आपली सापडंना. पोरगी तोंडाकडं बघत न्हाय, पायाकडं बघती, तिनं एकेकाला बरोबर जोड काढून दिला. सोमलिंगमामा नव्या कोऱ्या चपलेत पाय घालत होते, तर ही मोठ्यानं म्हणाली, "तुमची न्हाय. तुमची तुटकी." समाजमंदिर हसून हसून लोळलं, मामासुद्धा हसले.

पण हे वाचून "पोरगी लई हुशार, मग आणा" असं म्हणू नका. तिला अजून स्वतःचं बटण लावता येत न्हाय. गुण बघून पंगतीला बसवायचं म्हटलं तर आपल्या घराण्यात जेवलं असतं कोण?

वहिनींना नमस्कार, नवरदेवाला आशीर्वाद.

तुमची,
शिवकांता

ता. क. : मी काही मागायला लिहिलेलं न्हाय. फक्त अक्षता पडताना पाच मिनिटं डीजे बंद ठेवा, जेवायला तिला नुसता दहीभात, अन् गालगुच्चा कुणी घेऊ नये. एवढंच.

ता. क. दुसरा : तुमची लग्नपत्रिका पोचली. समृद्धीनं ती चाळीस वेळा वाचली. छापलेलं ती खरं धरती. "सहकुटुंब सहपरिवार" वर बोट ठेवून तिनं विचारलं, परिवार म्हणजे कोण कोण? मी एकेक नाव सांगितलं, तिचं पयलं. तिनं ते पेनानं पत्रिकेवर लिहून ठेवलंय. आता खोडायचं असंल तर दादा, तुम्ही स्वतः येऊन तिच्या हातातली पत्रिका घ्या अन् खोडा.